डावा कान

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आई होती तोवर तिच्याजवळही नाही. दोन-चारदा सांगायला बसले होते — पण जीभ ऐन वेळी भलतीकडेच वळते. मी शाळेचं बोलते, उन्हाचं बोलते, पोरांच्या परीक्षेचं बोलते आणि उठते. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असलात तर — असू द्या. एकदा कुणीतरी मला नीट ओळखायलाच हवं.

मी अमरावतीला एका शाळेत लहान मुलांच्या विभागाची प्रमुख आहे. दर जूनमध्ये नव्या शिक्षिका येतात आणि पहिल्या दिवशी मी त्यांना एक गोष्ट सांगते. माझ्या पहिल्या नोकरीतली. व्हॅनमध्ये विसरलेल्या एका मुलीची. 'मागचं सीट स्वतःच्या डोळ्यांनी बघा, दुसऱ्यावर सोपवू नका' — असा तिचा शेवट आहे. ही गोष्ट मी फार चांगली सांगते. मुली एकदम गप्प होतात, एखादीच्या डोळ्यात पाणी येतं. आमच्या संस्थेत तर ती प्रसिद्धच आहे; दुसऱ्या शाखांमधूनही मला ती सांगायला बोलावतात.

त्या गोष्टीत एक मावशी आहे. चूक तिची असते.

गेल्या जूनमध्ये गोष्ट संपल्यावर एका नव्या मुलीनं हात वर केला. दर्यापूरकडची, बारीकशी, अजून कॉलेजातली वाटावी अशी. म्हणाली, "मॅडम, मग त्या मावशींचं पुढे काय झालं?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं! मुलगी वाचली का, हे सगळ्या विचारतात. मावशीचं — कुणीच नाही. मी म्हटलं, "त्या गावी गेल्या. बरं चाललंय त्यांचं." आणि पुढच्या विषयाला लागले. आवाजसुद्धा हलला नाही माझा. दुपारी डबा उघडला आणि पहिला घास तोंडात तसाच राहिला. किती सहज बोलले मी! किती सराव झालाय मला!

तर — खरं काय झालं ते.

अकोल्याला मी नोकरीला लागले तेव्हा नुकताच बालवाडीचा कोर्स संपवला होता. माहेर अमरावतीचं, वडिलांची भातकुलीच्या वाटेवर काळ्या मातीची शेती, घरात नोकरी करणारी मी पहिलीच मुलगी. अकोल्यात एका कॉलनीत बंगल्याच्या तळमजल्यावर शाळा होती. नाव सांगत नाही. ती शाळाही आता नाही. तीन-चार वर्षांची पोरं, आम्ही दोघी-तिघी शिक्षिका, एक मोठ्या मॅडम — शाळा त्यांचीच — एक व्हॅन, व्हॅनवर सलीमभाई, आणि पंचफुला मावशी.

पंचफुला मावशी म्हणजे उंच, सडसडीत बाई. पंचेचाळिशीची असेल. तिचं माहेर भातकुलीचं, फुलमळेवाल्या माळ्यांचं. भावाकडे जाऊन आली की पदराच्या टोकात शेवंती नाहीतर झेंडू बांधून आणायची आणि आम्हा शिक्षिकांना एकेक द्यायची. नवरा वारला होता, मुलगा शिकत होता. मी तिच्या माहेरच्या बाजूची म्हणून माझ्यावर जरा जास्तच जीव. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या मॅडमनी मला सगळ्यांसमोर झापलं, आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन रडत बसले. मावशी आली नाही आत. बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिली, "जरा थांबा व माय, खाली फिनाइल टाकलं मी." मी तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत. काही विचारलं नाही, काही समजावलं नाही.

हे मी का सांगतेय? तुम्हाला ती आवडावी म्हणून? असेलही. किंवा मी मुख्य गोष्टीपासून दूर पळतेय — जशी नेहमी पळते.

व्हॅनचा नियम साधा होता. आठवड्याची पाळी ज्या शिक्षिकेची, ती पुढे सलीमभाईंच्या शेजारी बसायची. मावशी मागे पोरांमध्ये. शाळेत पोचलं की मावशीनं छोट्यांना हाताला धरून आत न्यायचं, आणि शिक्षिकेनं सगळ्यात शेवटी मागच्या सीटपर्यंत वाकून बघायचं, दार लावायचं, सलीमभाईंना हात करायचा. मग ते व्हॅन बाजूला लावायचे. एवढंच. पहिल्या दिवशी मॅडमनी मला स्वतः वाकून दाखवलं होतं — असं, सीटच्या खालीसुद्धा.

एप्रिल होता. अकोल्याचा एप्रिल तुम्हाला माहीत असेल तर मी काय सांगू, आणि नसेल तर सांगून कळणार नाही. सकाळची शाळा, पण सकाळीच रस्ते तापलेले. शाळेत कूलर एकच, मोठ्या खोलीत. त्याच्यासमोर एक खुर्ची. जी आधी पोचेल तिची. त्या खुर्चीवरून आम्हा शिक्षिकांची रोज लपूनछपून शर्यत चालायची — हसत हसत, पण शर्यतच.

त्या दिवशी पाळी माझी होती. व्हॅन फाटकापाशी थांबली. दोन पोरं गळा काढून रडत होती. मावशीनं एक या कडेवर, एक त्या कडेवर घेतलं, बाकीच्यांना पदर धरायला लावला आणि गेली आत. मी उतरले. ऊन डोक्यावर. आणि मला दिसलं, दुसरी शिक्षिका स्कूटी लावून फाटकातून येतेय.

मी दार ओढून घेतलं. सलीमभाईंना हात केला. आणि चालायला लागले — भराभरा.

वाकले नाही. बघितलं नाही. खुर्चीसाठी. हो, कूलरसमोरच्या खुर्चीसाठी! मी स्वतःला कितीदा विचारलंय — दुसरं काही कारण होतं का? चक्कर येत होती का, मनात काही काळजी होती का? नव्हती. काहीही नव्हतं. मला गार वाऱ्यात बसायचं होतं. आणि बसले. मिळाली खुर्ची.

मागच्या सीटवर, दप्तरांच्या ढिगाच्या आड, पिहू झोपली होती. चार वर्षांची. रात्री घरी पाहुणे होते म्हणून तिची झोप झाली नव्हती, हे नंतर कळलं. ती माझ्या वर्गातली नव्हती. तिच्या शिक्षिकेनं आली नसेल म्हणून गैरहजेरी लावली. सलीमभाईंनी व्हॅन कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कडुलिंबाखाली लावली, काचा वर केल्या, कुलूप घातलं आणि ते चहाला गेले. लिंबाची सावली व्हॅनवर थोडाच वेळ राहिली. मग सरकली.

मधल्या सुट्टीच्या आधीची गोष्ट. मी कूलरसमोर बसून पोरांच्या वह्यांत फुलं काढत होते. मावशी मागच्या अंगणात नळाखाली ताटल्या धूत होती. एकाएकी तिनं नळ बंद केला. खिडकीतून मला दिसत होती — मान वर करून, एकदम स्तब्ध.

"बाई," तिनं हाक मारली, "कोनतरी रडून राहिलं."

मी कान दिला. कूलरच्या घरघरीत मला काय ऐकू येणार? "मांजर असेल हो मावशी," मी बसूनच म्हटलं.

"नाई व. लेकरू हाये."

आणि ती पळाली. साडी गुडघ्यापर्यंत वर धरून, ओल्या हातांनी, फाटकातून बाहेर, भिंतीला वळसा घालून. मग काच फुटल्याचा आवाज आला. तो मात्र मलाही ऐकू आला.

मी पोचले तेव्हा तिच्या हातातून विटेचा तुकडा खाली पडलेला होता आणि ती फुटक्या काचेतून अर्धी आत शिरून पिहूला बाहेर ओढत होती. पिहूचा चेहरा — मी ते वर्णन करणार नाही. लाल नव्हता, पांढराही नव्हता. केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले, डोळे अर्धवट. ती रडत नव्हती. आता ती रडतही नव्हती! मावशीच्या हातातून रक्त गळत होतं, पोरीच्या गणवेशावर पडत होतं, आणि मला एक क्षण वाटलं की रक्त पोरीचंच आहे. मी जागीच उभी. मावशी ओरडली, "बाई, पाहून काय राहिल्या? रिक्षा बोलवा!"

मी रिक्षा बोलावली. पिहूला मांडीवर घेऊन मीच बसले, मॅडम शेजारी. मावशीनं पदर फाडून, नळाखाली चिंब करून माझ्या हातात कोंबला होता. तो मी पोरीच्या अंगावर फिरवत होते आणि तोंडानं काय बडबडत होते ते मला आठवत नाही.

पिहू वाचली. सलाईन लागलं, ताप उतरला, दुपारपर्यंत तिनं आईला हाक मारली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी अजूनही कधी कधी ते पुरं करते, आणि घाबरून थांबते.

संध्याकाळच्या आधी मॅडमच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. पिहूची आई होती. डोळे सुजलेले, ओढणी उलटी पडलेली, ती खुर्चीत बसायलाही तयार नव्हती. सलीमभाई भिंतीला टेकून. मावशी दाराशी, हाताला पांढरी पट्टी. आणि मी.

मॅडमनी आधी सलीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, "मैं क्या बोलू मॅडम, बाईनं हात दाखवला, मी गाडी लावली. रोजचंच आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी ठरवून काही बोलले नाही — असं म्हणायचा मोह होतो. पण ठरवायला वेळ कितीसा लागतो? मला वडील दिसले, परत अमरावती दिसली, 'हिनंच ती पोरगी' म्हणणारी माणसं दिसली. आणि माझ्या तोंडून अगदी नीट, पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्य बाहेर आलं.

"मी मावशींना म्हटलं होतं — मागचं सीट बघून घ्या, मी पुढे जाते."

मला वाटलं, आता मावशी म्हणेल, नाही म्हटलं. 'हो' तरी कसं म्हणेल? ती तर माझ्याआधीच आत गेली होती! सलीमभाईंनी ते बघितलं असणार. कुणीतरी म्हणेलच. मी जवळजवळ वाटच बघत होते. पण सलीमभाई खाली बघत राहिले. त्यांनी आरशात बघितलं नव्हतं, की बघूनही गप्प राहिले, मला माहीत नाही.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आठवत असल्यासारखं. कपाळाला आठ्या घालून ती मनातल्या मनात सकाळ उलटसुलट करून बघत होती — मला ते दिसत होतं. मग ती मॅडमकडे वळली.

"म्हटलं असन बाईनं. पोट्टे रडून राहिले होते दोनी कानाशी. मले आयकू नसन आलं."

मॅडम म्हणाल्या, "नीट आठवा मावशी. म्हटलं होतं का नव्हतं?"

"आता बाई कायले खोटं बोलन, मॅडम?"

तुम्हाला धक्का बसला असेल तर सांगते — मला किती बसला असेल! मी खोटं बोलले होते, आणि ज्या माणसाच्या विरुद्ध बोलले तेच माणूस माझा साक्षीदार होऊन उभं राहिलं. माझ्यावर विश्वास ठेवण्यासाठी तिनं स्वतःच्या कानांवरचा विश्वास काढून घेतला. डोळ्यांदेखत. एका क्षणात.

पिहूची आई ओरडली, "ऐकू येत नाही तर अशी बाई ठेवता कशाला लहान पोरांमध्ये?"

त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही की याच बाईला बंद काचेआडचं, भिंतीपलीकडचं रडणं ऐकू आलं होतं. नळ चालू असताना! सगळ्या शाळेत फक्त तिलाच! कुणाला सुचलं नाही, कारण सगळे घाबरलेले होते, चिडलेले होते. मला सुचलं. तिथल्या तिथे सुचलं. अगदी स्पष्ट. आणि मी गप्प बसले.

महिना संपला की मावशीला काढायचं ठरलं. शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीला लागायचीच होती. उरलेले दिवस ती येत राहिली, पट्टीच्या हातानं झाडू मारत. आणि सगळे तिच्याशी मोठ्यानं बोलू लागले. कुणी मुद्दाम नाही, आपोआप. "मावशी, पाणी भरलं का?" — असं, ओरडून. पोरंसुद्धा तिच्या कानाशी जाऊन किंचाळायची आणि हसायची. मीही मोठ्यानं बोलायचे. मी! मला माहीत असून मी तिच्याशी ओरडून बोलायचे.

इथपर्यंतचं, कदाचित, तुम्ही समजून घ्याल. मुलगी तरुण होती, घाबरली, खोटं बोलली. मीसुद्धा स्वतःला हेच सांगत आले. म्हणूनच पुढचं सांगायला हवं. पुढचं आजवर मी मनातल्या मनातही पूर्ण उच्चारलेलं नाही.

तिच्या शेवटच्या दिवशी मी एकटीच वर्गात पताका उतरवत होते. मावशी आली. हातात शेवंतीची फुलं — भावाकडून आणलेली. माझ्या टेबलावर ठेवली. मग दारापर्यंत गेली, परत आली. जरा अवघडून, हळूच विचारलं —

"बाई, एक सांगा मले. तुमी त्या दिवशी कोनत्या बाजूनं बोल्ल्या होत्या? उजव्या का डाव्या?"

मला आधी कळलंच नाही. "काहून?" मी विचारलं.

"नाई, डाक्टरले दाखवाव म्हनतो. कोनता कान गेला, ते तं समजलं पायजे ना."

तिथे मॅडम नव्हत्या. पिहूची आई नव्हती. माझी नोकरी धोक्यात नव्हती — ती केव्हाच वाचली होती. कुणीही मला काही करणार नव्हतं. दुपारची शांतता होती, दोघीच होतो आम्ही, आणि समोर ती बाई उभी होती — जी माझ्यासाठी कधीतरी दार अडवून उभी राहिली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, मावशी, कान बरा आहे तुमचा. कारणही सांगायची गरज नव्हती. तेवढं एक वाक्य.

मी म्हटलं, "डाव्या."

विचार केल्यासारखं करून म्हटलं. जरा आठवून म्हटल्यासारखं. डाव्या बाजूनं, मावशी.

तिनं मान डोलावली. डावा हात उचलून कानावर ठेवला, तिथेच, माझ्यासमोर. जणू दुखायलाच लागला होता. म्हणाली, "मलेई तसंच वाटून राहिलं होतं." आणि गेली.

पहिलं खोटं भीतीचं होतं. पण हे? हे कशाचं? इतक्या वर्षांत मला त्याला नाव सापडलेलं नाही. मी स्वतःला बरी समजत होते. वाईट माणसं कुठेतरी वेगळी असतात, त्यांचे चेहरे वेगळे असतात असं समजत होते. आणि एका साध्या, मोकळ्या दुपारी, कुणी भाग पाडत नसताना, मी एका चांगल्या कानाच्या बाईचा कान काढून घेतला. आणि पताका गुंडाळून खोक्यात भरल्या.

त्यानंतर मला शाळेनं कायम केलं. पिहूला मांडीवर घेऊन दवाखान्यात धावलेली शिक्षिका म्हणून. पुढे लग्न झालं, अमरावतीला आले, इथल्या शाळेत लागले, चढत गेले. कधी तरी — नेमकं कधी तेही आठवत नाही — नव्या मुलींना ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा सांगताना घसा कोरडा पडला होता. दुसऱ्यांदा कमी. मग पडलाच नाही.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या सकाळी शाळेसाठी झेंडू घ्यायला मी बाजारात गेले होते. रस्त्याच्या कडेला पोत्यांवर पिवळे-केशरी ढीग. एका ढिगामागून आवाज आला, "बाई! अव बाई, तुमीच ना?"

पंचफुला मावशी. केस पांढरे, दात दोन-चार गेलेले, उंची तीच. डाव्या कानात मशीन होतं. मातकट रंगाचं, मागून वायर गेलेलं.

ढिगाला हात लावून उभी राहिले.

ती काय आनंदली होती! अकोला सोडून भावाच्या मळ्यात आली, मुलाचं लग्न केलं, सून चांगली आहे, नातू झाला — सगळं भराभरा सांगितलं. मी मशीनकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं. तिनं ते काढून तळहातावर ठेवून मला दाखवलं, एखादा दागिना दाखवावा तसं.

"पोरानं घेऊन देल्लं. मी त्याले सांगतलं ना, डावा गेला मनून. डाक्टर म्हने थोडंसंच हाये, वयाचं, मशीन नाई लागत. पन मी म्हटलं, नाई बाप्पा, लागते. यानं कानात घूं घूं होते, डोकं दुखते. पन असू दे. भरोसा तं राह्यते."

मशीन तिच्या तळहातावरच होतं. तेवढ्यात तिच्या डाव्या बाजूला, मागच्या फुलवालीनं आपल्या मुलीला अगदी दबक्या आवाजात काहीतरी भाव सांगितला. आणि मावशी मान न वळवता, चटकन हसून म्हणाली, "अव एवढा नको सांगू, गिऱ्हाईक पयून जाईन."

मी ऐकलं. तिनंही ऐकलं होतं. फक्त तिला ते कळलं नाही!

तुम्ही विचाराल, तेव्हा तरी? तेव्हा तरी का नाही बोललीस?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याच वेळी सून आली, कडेवर गुबगुबीत पोर. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "वा मावशी, नातवाला सांभाळत असाल दिवसभर." तिचा चेहरा उतरला.

"नाई व बाई. एकटी नाई घेत मी त्याले. घरी कोनी नसन तं मी शेजारनीले बोलवून आनतो. रडलं अन् मले आयकू नाई आलं तं? एक डाव झालं ना तसं माह्या हातून. पिहू नाव होतं तिचं. मी इसरत नाई."

माझ्या हातून, म्हणाली. माझ्या हातून.

मी फुलं घेतली. जास्तच घेतली. "तब्येतीला जपा" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं — सवयीनं. तिनं मशीन पुन्हा कानात घातलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

भातकुली माझ्या घरापासून कितीशी लांब? वडिलांचं शेत त्याच वाटेवर आहे. वडील होते तोवर मी महिन्यातून एकदा तरी त्या रस्त्यानं जायचे. तिच्या भावाचा मळा रस्त्यावरून दिसतो. बसमध्ये मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचे.

यंदा, त्या नव्या मुलीनं प्रश्न विचारल्यानंतर, दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी पुन्हा बाजारात गेले. या वेळी फुलांसाठी नाही. तिथं सून एकटीच बसली होती. मी जवळ गेले. म्हटलं, मावशी?

"घरीच असतात आता. बाजारात नाई येत. म्हनतात, गिऱ्हाइकानं हाक मारली अन् आयकू नाई आली तं नुकसान होते. बसून राहतात वसरीवर. चांगल्या हायेत तशा." मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाली, "तुमी त्या अकोल्याच्या बाई ना? लय नाव काढतात तुमचं. बाईनं कधी मले दोष नाई देल्ला, म्हनतात. काही निरोप असन तं सांगा, संध्याकाळी सांगन मी त्याइले."

लोक झेंडू वेचून पिशवीत टाकत होते.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही. सहज आले होते."